रेल्वेची देखभाल : आयटीआयपासून अभियंत्यापर्यंतच्या वाटा

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान कळंब हे गाव लागते. आंबेगाव आणि शेजारचा जुन्नर या दोन्ही तालुक्यांत आजवर रेल्वेचा रूळ पोहोचलेला नाही. मात्र हाच महामार्ग भारतीय रेल्वेच्या दोन महत्त्वाच्या प्रशिक्षण संस्थांना जोडतो. रूळ, पूल आणि बांधकामाचे शिक्षण देणारी ‘इरिसेन’ ही संस्था पुण्यात आहे, तर विद्युत इंजिने आणि वीजवहनाचे शिक्षण देणारी ‘इरीन’ ही संस्था नाशिकरोडला आहे. या दोन्ही संस्थांत दहावी-बारावीनंतर थेट प्रवेश मिळत नाही. रेल्वेच्या सेवेत दाखल झालेले अधिकारी व पर्यवेक्षक तेथे शिकतात. म्हणून प्रश्न उरतो तो सेवेत शिरण्याचा.

या भागातील तरुणांच्या मनात रेल्वेचा विषय निघाला की पुणे-नाशिक लोहमार्गाची चर्चा होते. ‘महारेल’ने सुमारे २३५ किलोमीटरच्या निमअतिजलद मार्गाचा प्रस्ताव मांडला होता. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओतरंग ती टिपते आणि जवळून धावणाऱ्या विजेच्या गाड्यांमुळे त्यात अडथळा येऊ शकतो. या कारणास्तव मूळ आखणी बदलावी लागेल, असे रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. मार्ग कधी आणि कोठून होईल याची वाट पाहणे ही एक गोष्ट झाली. रेल्वेत नोकरी मिळवणे ही पूर्णपणे वेगळी. रेल्वेची भरती गावाजवळच्या स्थानकावर अवलंबून नसते. ती परीक्षेवर आणि वयोमर्यादेवर अवलंबून असते, आणि वय कोणासाठी थांबत नाही.

देखभाल म्हणजे नेमके काय?

प्रवाशाला दिसतात ते चालक आणि तिकीट तपासनीस. परंतु गाडी सुरक्षित धावते ती न दिसणाऱ्या माणसांमुळे. गाडी स्थानकात शिरत असताना रुळांच्या कडेला उभे राहून काही कर्मचारी चाकांकडे पाहत असतात. ॲक्सलबॉक्स तापला आहे का, स्प्रिंग तुटली आहे का, एखादा भाग खाली लोंबतो आहे का, हे नजरेने आणि कानाने तपासण्याचे ते काम असते. प्रवास संपल्यावर डबे ‘पिट लाइन’वर नेले जातात. तेथे रुळांमधील खंदकात उतरून डब्याचा तळ, ब्रेक आणि जोडण्या तपासल्या जातात. ठरावीक काळानंतर डबा कारखान्यात जातो व त्याची जवळजवळ पुनर्बांधणी होते.

ब्रेकचेच उदाहरण घ्यावे. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो इतका हवेचा दाब राखलेला असतो. दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. दाब घटला की ते लागतात. त्यामुळे चालत्या गाडीचे डबे एकमेकांपासून सुटले तर नळी निखळून ब्रेक आपोआप लागतात. ही रचना साधी आहे, पण प्रत्येक डब्याचा ब्रेक खरोखर लागतो हे पाहून प्रमाणपत्र देणारा माणूस चोख असावा लागतो. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात दर ३७ मीटरला एक मीटर इतका उतार आहे. तेथे या प्रमाणपत्राचे मोल कळते.

रुळांचेही तसेच आहे. उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावून रूळ वाकण्याचा धोका असतो, थंडीत आकुंचनाने तडा जाण्याचा. तडा डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ध्वनिलहरींच्या यंत्राने शोधावा लागतो. या सर्वांत यांत्रिक, विद्युत, स्थापत्य आणि सिग्नल-दूरसंचार अशा चारही शाखांना काम आहे.

चार दारे

पहिले दार प्रशिक्षणार्थीचे, म्हणजे ‘ॲप्रेंटिस’चे. दहावी आणि आयटीआय झालेल्या १५ ते २४ वर्षे वयाच्या उमेदवारांची मध्य रेल्वे गुणवत्ता यादीनुसार निवड करते. त्यासाठी लेखी परीक्षा नसते. दहावी व आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. पुणे, मुंबई, भुसावळ, सोलापूर व नागपूर येथील शेड आणि कारखान्यांत हे प्रशिक्षण मिळते. त्यानंतर नोकरीची हमी नसते, हे आधीच समजून घ्यावे. मात्र रेल्वेच्या पहिल्या स्तरावरील भरतीत अशा प्रशिक्षितांसाठी २० टक्के जागा राखीव असतात.

दुसरे दार तंत्रज्ञ आणि असिस्टंट लोको पायलट यांचे. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक अशा व्यवसायांत आयटीआय केलेल्यांना ते खुले आहे. दोन्ही पदांचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १९,९०० रुपये आहे, भत्ते वेगळे. परीक्षा रेल्वे भरती मंडळ संगणकावर घेते आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. लोको पायलटच्या दुसऱ्या टप्प्यात आपल्या व्यवसायाच्या विषयात किमान ३५ टक्के गुण लागतात. म्हणजे आयटीआयचे पुस्तक बाजूला सारून केवळ सामान्यज्ञान पाठ केल्याने भागत नाही.

तिसरे दार पदविकाधारकांचे, ज्युनिअर इंजिनिअरचे. येथे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि हाताखालच्या तंत्रज्ञांच्या कामाची जबाबदारी पहिल्या दिवसापासून येते. आंबेगाव तालुक्यातच अवसरी खुर्द येथे शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने हे शिक्षण घराजवळ उपलब्ध आहे.

चौथे दार पदवीधरांचे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून रेल्वेचे अधिकारी निवडले जातात. २०२२ मध्ये रेल्वेची भरती नागरी सेवा परीक्षेकडे वळवली गेली होती. २०२५ च्या परीक्षेपासून तांत्रिक पदे पुन्हा अभियांत्रिकी सेवा परीक्षेत आली. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी हा बदल ध्यानात ठेवावा.

आधी डोळे तपासावेत

अनेक उमेदवार येथे फसतात. असिस्टंट लोको पायलटसाठी ‘ए-वन’ ही सर्वांत कठोर वैद्यकीय श्रेणी लागू होते. चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६ असावी लागते आणि रंग ओळखण्याची क्षमता निर्दोष असावी लागते. चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया केलेली असल्यास उमेदवार अपात्र ठरतो. दोन-तीन वर्षे अभ्यास करून, सर्व टप्पे ओलांडून शेवटच्या वैद्यकीय तपासणीत बाद होणे हा मोठा आघात असतो. नेत्रतज्ज्ञांकडून आधीच तपासणी करून घेतल्यास तो टळतो. दृष्टीची अट सर्व पदांना सारखी नाही. चालक होता येत नसेल, तर तंत्रज्ञ किंवा ज्युनिअर इंजिनिअरची काही पदे खुली राहू शकतात. प्रत्येक पदाची वैद्यकीय श्रेणी जाहिरातीत दिलेली असते.

चालकाच्या पदासाठी संगणकावरील मानसिक क्षमता चाचणीही असते. तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ गुणांक आवश्यक असून कोणत्याही प्रवर्गाला त्यात सवलत नाही.

काम कोठे मिळते?

पुण्याजवळ घोरपडीला इंजिनांची शेड आहे. पूर्वी ती केवळ डिझेल इंजिनांची होती. आता तेथे विद्युत इंजिनांचीही देखभाल होते. माटुंगा आणि कुर्डुवाडीचे कारखाने, नाशिकरोडचा ट्रॅक्शन मशीन कारखाना, भुसावळचा विद्युत इंजिन कारखाना ही महाराष्ट्रातील आणखी काही ठिकाणे. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोमुळे आगारे, सिग्नल आणि विद्युत तारा यांच्या देखभालीचे कामही शहरात आले आहे. मेट्रोची भरती मात्र रेल्वेपेक्षा स्वतंत्र असते.

या क्षेत्रात रात्रपाळी, सणासुदीची ड्युटी आणि बदल्या अटळ आहेत. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, तर सर्वांत आधी देखभालीची माणसे निघतात. हे मान्य असेल त्यानेच या वाटेला जावे. तसेच पैसे घेऊन रेल्वेत लावून देतो असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. निवड परीक्षेने किंवा गुणवत्ता यादीने होते आणि जाहिरात अधिकृत संकेतस्थळावरच येते.

कळंबच्या मुलाने किंवा मुलीने रुळाची वाट पाहू नये, एवढेच यातून निघते. प्रथम डोळे तपासावेत, मग वय आणि शिक्षण पाहून दार निवडावे, आणि त्या दाराला लागणारे कौशल्य हाताला मुरवावे. मार्ग तालुक्यातून जाईल तेव्हा जाईल. तो सांभाळायला तेव्हाही प्रशिक्षित हातच लागतील.