लेकराला जुलाब लागले तर पाणी तोडू नका

पावसाळा आला की विहिरी-ओढ्यांचे पाणी गढूळ होते, माशा वाढतात आणि लेकरांना जुलाब लागतात. ‘पोटात काही ठरत नाही, मग द्यायचे कशाला?’ असे म्हणून काही घरांत लेकराचे पाणी आणि दूध दोन्ही तोडतात. कुणी म्हणते, ‘दात येताहेत, होईल बरे.’ टाळू खोल गेली तर तिच्यावर तेल थापतात. पण खोल गेलेली टाळू ही अंगातले पाणी आटल्याची खूण आहे. जुलाबाने लेकरू दगावते ते बहुधा पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. मिरचीच्या रोपाने उन्हात मान टाकली तर आपण त्याचे पाणी तोडतो का? मग लेकराचे का तोडावे?

मीठ-साखर कशासाठी?

जुलाब चालू असतानाही आतडे मीठ आणि साखर जोडीने शोषून घेते आणि त्यांच्यामागून पाणी अंगात जाते. नुसत्या पाण्याने गेलेले क्षार भरून येत नाहीत.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांच्या नातेवाइकांकरवी ते पाजले. आधी शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आले. आजचे ओआरएस याच तत्त्वावर चालते.

पाणी कसे करावे?

१. हात साबणाने धुवा. पाणी उकळून गार करा.
२. ओआरएसच्या पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच सगळे पाकीट घाला. बहुतेक मोठी पाकिटे एक लिटरची असतात. औषध फवारणीचे माप किंवा डबा कधीही वापरू नका.
३. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा घाला. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.
४. केलेले पाणी झाकून ठेवा. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून टाका.

दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला पाणी चमच्याने सावकाश पाजा. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. दुकानातील गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

दूध, अन्न आणि झिंक

अंगावरचे दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांवरच्या लेकराला मऊ भात, डाळ, केळे थोडे थोडे भरवा. आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या घ्या. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला रोज १० मिलिग्रॅम, असे चौदा दिवस द्यावे. जुलाब आधी थांबले तरी गोळ्या पुऱ्या करा. जुलाब बांधणारे औषध मनाने देऊ नका.

ताबडतोब दवाखाना गाठा

लेकरू मलूल पडले, दूध ओढेना, डोळे खोल गेले, लघवी फार कमी झाली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसली, जुलाबात रक्त दिसले किंवा ओकाऱ्या थांबेनात, तर काम टाकून निघा. वाटेतही पाणी पाजत राहा. दोन महिन्यांखालच्या लेकराला तर जुलाब लागताच दाखवा.

आधीच जपावे

सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या, बाटली टाळा. शेण काढल्यावर, शौचानंतर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवा. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. ती चुकवू नका.

पेरणीच्या दिवसांत आई रानात असते आणि लेकरू आजीकडे. म्हणून हे पाणी करायला आजीलाही शिकवा, आणि ओआरएसची दोन पाकिटे तिच्या हाताशी ठेवा.