शनिवारची सुट्टी, पण मजुरी न बुडवता

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवारी तहसीलला हेलपाटा घातलेल्या बायकांना सांगायला नकोच! बदल्यात तिथली रोजची वेळ वाढली, पावणेदहा ते सव्वासहा.

आपल्या मसाला केंद्रात असं करायचं तर आधी हिशोब मांडा. रोज आठ तास काम आणि शनिवारी चार असतील, तर ते चार तास पाच दिवसांत वाटल्यावर रोज ४८ मिनिटं वाढतात. काम तेवढंच. पण रोजंदारी तीच ठेवली, तर शनिवारची मजुरी बुडते. म्हणून मजुरी तासावर ठरवा, ठरावाच्या वहीत लिहा.

घरी परतायची एसटीही बघा. लेकुरवाळीला जुनीच वेळ राहू द्या. आणि बैठकीत आधी कामावरच्या बायकांना बोलू द्या, अध्यक्षांनी नंतर बोलावं.