कात्री नीतीची की घड्याळाची?

चित्रपटगृहातील भयपट दूरचित्रवाणीवर येतो तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता रंजनापुरता वाटतो. वस्तुतः तो बाजारपेठेचा प्रश्न आहे. चित्रपटगृहाचा प्रेक्षक तिकीट काढून, जाणूनबुजून भय विकत घेतो. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीवर मात्र प्रेक्षकांचा वेळ विकला जातो आणि त्याचा ग्राहक असतो जाहिरातदार. साहजिकच तेथे कात्री दोन कारणांनी चालते. घरातील लहानथोरांचे भान राखणे हे पहिले. ठरलेल्या अवधीत चित्रपट बसवणे हे दुसरे. पहिल्याचा उच्चार मोठ्याने होतो, दुसऱ्याचा सहसा होत नाही.

जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) हे याचे बोलके उदाहरण. अमेरिकेतील एका लहान गावात तरुण मुलींच्या मागावर असलेल्या मुखवटाधारी खुन्याची ही कथा एनबीसी वाहिनीने ऑक्टोबर १९८१ मध्ये दाखवली. मूळ चित्रपट जेमतेम ९१ मिनिटांचा. हिंसक दृश्ये गाळल्यावर जाहिराती धरूनही तो दोन तासांचा अवधी भरेना. तेव्हा कार्पेंटर यांनी सुमारे १२ मिनिटांची नवी दृश्ये चित्रित केली. त्या वेळी ‘हॅलोवीन २’ ची निर्मिती चालू होती. नव्या दृश्यांपैकी एकात, पळून गेलेल्या खुन्याच्या खोलीच्या दारावर ‘सिस्टर’ हा शब्द कोरलेला दिसतो. मूळ चित्रपटात खुनाला कारणच नव्हते आणि खरी भीती त्या निष्कारणतेत होती. दूरचित्रवाणीच्या आवृत्तीत खुन्याच्या मागे बहिणीचे नाते सूचित झाले आणि पुढील चित्रपटाची पायाभरणीही आपोआप झाली. कात्रीने रक्त काढले. भर घालताना भयाचा गाभाच बदलला.

दुसरी हानी तर कात्रीविनाच झाली. या चित्रपटाची चौकट उंचीच्या २.३५ पट रुंद असून खुनी अनेकदा तिच्या कडेला उभा असतो. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा उंचीच्या अवघा १.३३ पट रुंद होता. तो पूर्ण भरायचा तर चौकटीचा चार दशांशांहून अधिक भाग गाळणे भाग पडे. जेथून संकट यायचे, ती कडच नाहीशी होई.

विल्यम फ्रीडकिन यांच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) बाबत निराळा मार्ग निघाला. सीबीएस वाहिनीवर १९८० मध्ये तो आला, तेव्हा सैतानाच्या तोंडचे अश्लील संवाद बदलण्यात आले आणि ते खुद्द फ्रीडकिन यांनी आपल्या आवाजात म्हटले. चित्रपट सौम्य झाला हे खरे. परंतु फेरबदल करणारा हात निदान मूळ कर्त्याचा होता.

घराघरांतील मुलांची काळजी खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईतील एका महाविद्यालयीन प्राध्यापिकेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये ‘ए’ प्रमाणपत्राचे चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवण्यास मनाई केली. त्यानंतर असे अनेक चित्रपट कापून नव्या प्रमाणपत्रासाठी मंडळाकडे गेले. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती कायद्याने तर दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्राची तरतूदच केली आहे. तथापि, अशा काटछाटीत नेमके काय गळते, याचाही विचार हवा. उगारलेला सुरा राहतो, जखम जाते. किंकाळी राहते, वेदना जाते. हिंसेचा परिणाम झाकून तिची कृती तेवढी दाखवणे बालमनाला खरोखर अधिक हितकर आहे काय?

यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे, तशी मुक्त मुभाही नव्हे. ज्याला भय सोसत नाही त्याच्यासाठी भयपट लावूच नये. ज्याला हवे आहे त्याला तो रात्री उशिरा, शक्य तितका अखंड मिळावा. कापणे अटळच असेल, तर दिग्दर्शकाला विचारून कापावे आणि किती मिनिटे गाळली, किती भरली, हे प्रारंभीच पडद्यावर सांगावे. बिस्किटांच्या पुड्यावर वजन छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या घरात येणाऱ्या चित्रपटाचे माप विचारण्याचा प्रेक्षकाचा अधिकार त्याहून कमी कसा?