क्लचच्या नळीत शिरलेली हवा

बऱ्हाणपूरहून खंडव्याकडे निघालं की असीरगडाजवळ घाट लागतो. मे महिन्याचं ऊन, पुढे केळीचे ट्रक, वळणावळणाला गिअर बदलणं. जुन्या गाडीचा क्लच नेमका अशा वेळी दगा देतो. पेडल मऊ पडतं आणि गिअर करकरतो. ‘क्लचप्लेट गेली’ म्हणून गिअरबॉक्स उतरवायला घेण्याआधी दोष प्लेटमध्ये आहे की तेलात, ते पाहावं. त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

मारुती ८०० मध्ये क्लच ओढायला केबल असते. अॅम्बॅसडरसारख्या गाड्यांत ते काम तेल करतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तेल रेटतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या सरकून क्लचचा काटा ढकलतो. यामागचा नियम ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडला: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो.

त्याच शतकात, १६१५च्या सुमारास, बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा बांधला गेला. त्यातून सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून निव्वळ उतारावर शहराकडे येतं. वाटेवरच्या विहिरींसारख्या कुंड्या वर उघड्या असतात. हवा आत आली तरी पाणी अडत नाही. क्लचचं गणित वेगळं. इथे तेलाने दाब पोहोचवायचा असतो, त्यामुळे हवा खपत नाही. दाब वीसपट झाला तर तेल हजारात एखादा भाग आक्रसतं, हवा मात्र विसाव्या भागावर येते. पेडलच्या एका दाबात पाच-दहा मिलिलिटरच तेल सरकतं. त्यात दोन मिलिलिटर हवा असली, तर पेडलची बरीचशी चाल ती दाबण्यातच जाते आणि क्लच पुरता सुटत नाही.

म्हणून आधी पेडलची वागणूक पाहावी. भराभर चार-पाच वेळा मारल्यावर ते कडक होत असेल, तर बहुधा नळीत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी वायसर झिजलाय. तेल आतल्या आत मागे सरकतंय. पेडलच्या वर, केबिनच्या बाजूला ओल दिसली तर गळती मास्टरची. स्लेव्हच्या रबरी टोपीखाली दिसली तर स्लेव्हची. इंजिन बंद करून, चाकांना उटी लावून एकाला पेडल दाबायला सांगावं. स्लेव्हचा दांडा पुरेसा सरकतो आणि तरी गिअर करकरतो, तर दोष खुद्द क्लचचा.

उलटी तक्रारही असते: इंजिन ओरडतं, पण गाडी चढत नाही. तेव्हा स्लेव्हचं हवा काढायचं निपल क्षणभर सैल करावं. पकड परत आली, तर दाब नळीत अडकला होता; रबरी होज आतून फुगलाय किंवा मास्टरचं परतीचं भोक तुंबलंय. फरक पडला नाही, तर मग गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

तेलही तपासावं. क्लचच्या नळीत वापरलं जाणारं डॉट ३ आणि डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. सायलेन्सरजवळून जाणाऱ्या नळीत मग वाफ होऊ शकते. शिवाय पाण्याने सिलिंडरला गंज चढतो आणि त्या खड्ड्यांवर घासून वायसर फाटतो. पातळी भरायला इंजिन ऑइल कधीच घालू नये. त्याने रबर फुगतं.

हवा काढायला दोघं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पाय उचलण्याआधी ते बंद करायचं. मास्टरची तेलाची टाकी मध्येच रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते. पेडल कडक झालं तरी काम संपलं असं समजू नये. बंद नळीत हवा आपोआप येत नाही. ती जिथून शिरली तो वायसर किंवा होज बदलला नाही, तर पेडल पुन्हा मऊ पडणारच.