नेटवर्क कार्ड : गती व द्विदिशता यांची जुळणी

संगणकातील नेटवर्क कार्ड आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचा स्विच यांनी संदेशवहनाची गती व पद्धती आपसांत ठरविण्याच्या क्रियेस स्वयंजुळणी म्हणतात. ईथरनेट जालकात गती सामान्यतः सेकंदास १०, १०० वा १,००० मेगाबिट असते. एका वेळी एकाच दिशेने वहन होणे ही अर्ध द्विदिश वा हाफ ड्यूप्लेक्स पद्धती, तर दोन्ही दिशांनी एकाच वेळी होणे ही पूर्ण द्विदिश वा फुल ड्यूप्लेक्स पद्धती होय.

प्रारंभीच्या ईथरनेटमध्ये अनेक संगणक एकच तार वापरीत. दोघांनी एकदम प्रेषण केल्यास टक्कर होई व दोघेही थांबून काही काळाने पुन्हा प्रयत्न करीत. स्वयंजुळणीचे मानक १०० मेगाबिट गतीबरोबर १९९५ मध्ये आले. पूर्ण द्विदिश पद्धतीस १९९७ मध्ये मानकात स्थान मिळाले. तांब्याच्या तारेवरील १,००० मेगाबिटच्या १९९९ च्या मानकात स्वयंजुळणी अनिवार्य आहे. प्रत्येक टोक सु. १६ मिलिसेकंदांच्या अंतराने सूक्ष्म स्पंदांचे गुच्छ पाठवून आपल्या क्षमता कळविते आणि दोहोंना समान असलेली सर्वोच्च क्षमता निवडली जाते.

दोष व लक्षणे : एका टोकावर १०० मेगाबिट व पूर्ण द्विदिश अशी सक्ती केल्यास ते टोक बहुधा क्षमता कळवीत नाही. दुसरे टोक संकेतावरून गती ओळखते. परंतु द्विदिशता ओळखता येत नसल्याने मानकानुसार अर्ध द्विदिश पद्धती स्वीकारते. अशा विजोड जोडणीत दिवा लागलेला असतो व लहान चाचणी-संदेशही पोहोचतात. मोठी धारिका पाठविताना मात्र वेग अतिशय मंदावतो. अर्ध द्विदिश टोकाच्या गणकात पहिल्या ६४ बाइटांनंतरच्या, म्हणजे उशिराच्या, टकरी दिसतात. पूर्ण द्विदिश टोकाकडे तपासणी-बेरजेच्या चुका व तुटक चौकटी आढळतात.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी यांसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांत या दोषाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडणाऱ्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. मात्र प्रकाशतंतू कार्यालयापर्यंत आला, तरी तेथून संगणकापर्यंतचे अखेरचे काही मीटर सामान्यतः तांब्याच्या तारेचेच असतात. तेथील जोडणी विजोड असल्यास दोष प्रकाशतंतूला दिला जातो, दाखल्याचा अर्ज अपुरा राहतो आणि दूरच्या पाड्यावरून आलेल्या माणसाची मजुरी बुडते. किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत जोडाग्रे गंजूनही अशीच लक्षणे उद्भवू शकतात.

निदान व उपाय : प्रथम खात्रीची तार लावून पाहावी, तिची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, १,००० मेगाबिटला चारही लागतात. म्हणून एक जोडी तुटल्यास काही कार्डे १०० वर उतरतात, तर काहींची जोडणीच होत नाही. त्यानंतर दोन्ही टोकांची प्रत्यक्ष गती, द्विदिशता व चुकांचे गणक ताडून पाहावेत. दोन्ही टोके स्वयंजुळणीवर ठेवणे हा सामान्यतः योग्य उपाय होय. जुन्या उपकरणामुळे सक्ती करणे भाग पडल्यास ती दोन्ही टोकांवर एकसारखीच करावी लागते. एकाच टोकावर केलेली दुरुस्ती हेच या दोषाचे नेहमीचे कारण असते.