तीस वर्षे रखडलेला पाठलाग

जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या ‘मॅड मॅक्स’ मालिकेतील तिसरा चित्रपट १९८५ साली प्रदर्शित झाला आणि चौथा, म्हणजे ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, पडद्यावर यायला २०१५ साल उजाडले. यातील पहिली बारा-तेरा वर्षे मिलर यांनी हा विषय जवळजवळ बाजूलाच ठेवला होता. मात्र १९९८ च्या सुमारास कल्पना सुचल्यापासून पुढची सतरा वर्षे हा उत्तरभाग अनेकदा जुळून आला आणि अनेकदा मोडला, आणि या काळात त्याचा नायकही बदलला. हा विलंब पटकथा जमत नव्हती म्हणून झाला नाही, हे त्याविषयीचे पहिले लक्षात घेण्याजोगे सत्य होय. चलनाचा दर, इराकचे युद्ध आणि वाळवंटात अवेळी पडलेला पाऊस या कलेशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टींनी तो अडवला, आणि इतक्या अडथळ्यांनंतरही तो तगला याचे कारण त्याच्या रचनेत आणि मॅक्स या व्यक्तिरेखेच्या घडणीत सापडते.

मिलर हे शिक्षणाने डॉक्टर होते. सिडनीतील रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करताना रस्त्यावरील अपघातांत सापडलेली माणसे त्यांनी फार जवळून पाहिली होती, आणि वेगाविषयीचे आकर्षण व वेगाची भीती या दोन्ही भावना त्यांच्या चित्रपटांत एकत्र नांदतात त्या तिथूनच आलेल्या असाव्यात. बायरन केनेडी या निर्मात्या मित्रासह त्यांनी १९७९ मध्ये, चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत-बाहेरच्या तुटपुंज्या भांडवलावर पहिला ‘मॅड मॅक्स’ पूर्ण केला. त्याचे चित्रण झाले तेव्हा एकवीस वर्षांचा असलेला मेल गिब्सन हा अभिनेता त्यामुळे पुढे आला. समाजव्यवस्था मोडकळीस येत असताना बायको-मूल गमावलेला एक पोलीस सूडाला प्रवृत्त होतो, एवढीच त्याची कथा होती. १९८१ च्या दुसऱ्या भागात ती व्यवस्था पुरती कोसळलेली दिसते, पेट्रोल हेच धन ठरते आणि मॅक्स हा स्वतःपुरता जगणारा भटक्या बनतो. केनेडी यांचा १९८३ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला. तिसरा भाग मिलर यांनी जॉर्ज ओगिल्व्ही यांच्या साथीने दिग्दर्शित केला आणि तो केनेडी यांच्या स्मृतीला अर्पण केला. जिवलग सहकाऱ्याच्या मृत्यूची छाया पडलेल्या त्या चित्रपटानंतर मालिका थांबली, यात नवल काही नाही.

चौथ्या भागाची मूळ कल्पना अशी होती की संपूर्ण चित्रपट हा एकच अखंड पाठलाग असावा, आणि ज्या गोष्टीसाठी पाठलाग चालला आहे ती गोष्ट म्हणजे तेल किंवा सोने नसून माणसे असावीत. पाण्यावर मालकी सांगणाऱ्या एका हुकूमशहाच्या कैदेतून पाच स्त्रिया पळतात, त्याचीच एक सेनानी फ्युरिओसा त्यांना युद्धासाठी सजवलेल्या अवजड टँकरमधून घेऊन निघते आणि मॅक्स या पळापळीत इच्छा नसताना ओढला जातो. अशा कथेत संवादांना फारसे काम उरत नाही, म्हणून मिलर यांनी रूढ पटकथेऐवजी स्टोरीबोर्डचा मार्ग धरला. स्टोरीबोर्ड म्हणजे प्रत्येक दृश्यात कॅमेऱ्याला काय दिसणार आहे ते क्रमाने रेखाटणारी चित्रमालिका. एरवी तो पटकथेनंतर तयार होतो. इथे ब्रेंडन मॅकार्थी, मार्क सेक्स्टन आणि पीटर पाउंड या चित्रकारांनी काढलेली सुमारे ३,५०० चित्रे भिंतीभर लागली आणि तीच पटकथा ठरली. पुढच्या साऱ्या घडामोडींत या चित्रांचे महत्त्व फार मोठे आहे, कारण निर्मितीसंस्था बदलल्या, नट बदलले, देश बदलले, तरी कोणती गाडी कोणत्या बाजूने येऊन कोणावर आदळते हे त्या कागदांवर कायम राहिले.

या चित्रांच्या आधारे २००१ मध्ये ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स या हॉलिवूडच्या कंपनीबरोबर आणि गिब्सन यांनाच नायक धरून तयारी सुरू झाली. पहिला धक्का बसला तो चलनाचा. भांडवल अमेरिकन डॉलरमध्ये येणार होते, तर तंत्रज्ञांचे पगार, गाड्यांची बांधणी आणि पूर्वतयारीचा बराचसा खर्च ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये होणार होता. २००१ मध्ये एका ऑस्ट्रेलियन डॉलरला अमेरिकेचे साधारण ५० सेंट पडत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या काळात अमेरिकन चलन घसरत गेले आणि २००३ च्या आरंभी हाच दर ६० सेंटच्या आसपास पोहोचला. म्हणजे १० कोटी अमेरिकन डॉलरचे जे अंदाजपत्रक आधी २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचे काम भागवू शकले असते, तेच आता साडेसोळा कोटींवर आटोपू लागले. चित्रपटातील एकही चौकट न बदलता त्याचा सहावा हिस्सा जणू हवेत विरून गेला. एरवी बँका आणि व्यापारी यांच्यापुरता वाटणारा विनिमय दर एखाद्या कलाकृतीचे भवितव्य कसे ठरवतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरा धक्का युद्धाचा होता. चित्रण आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरील नामिबिया या देशात करण्याचे ठरले होते, आणि मार्च २००३ मध्ये इराकवरील आक्रमण सुरू झाल्यावर प्रवासावर आणि जहाजी मालवाहतुकीवर सुरक्षेची बंधने आली. चिलखती दिसणाऱ्या, भाले आणि तोफा बसवलेल्या गाड्यांचा ताफा अशा काळात समुद्रमार्गे दूरदेशी नेणे किती अवघड झाले असेल, हे वेगळे सांगायला नको. फॉक्सने अंग काढून घेतले. हातात तयारी असूनही काम नसलेले मिलर मग पेंग्विनांच्या ‘हॅपी फीट’ या अ‍ॅनिमेशनपटाकडे वळले, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. गिब्सन ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’च्या दिग्दर्शनात गुंतले. पुढे मिलर यांनी ‘जस्टिस लीग’ या महानायकांच्या चित्रपटाची ऑस्ट्रेलियात बरीच तयारी केली, परंतु २००८ मध्ये तोही बारगळला.

मॅक्सची भूमिका दुसऱ्या नटाकडे जाण्याची कारणे या रखडलेल्या वर्षांत दडलेली आहेत. मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल गिब्सन यांना २००६ मध्ये अटक झाली आणि त्या वेळी त्यांच्या तोंडून निघालेल्या ज्यूविरोधी उद्गारांमुळे हॉलिवूडमधील त्यांचे स्थान ढासळले. बदलाची चर्चा होते तेव्हा सहसा याच प्रकरणाकडे बोट दाखवले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. २००३ मध्ये गिब्सन सत्तेचाळीस वर्षांचे होते. चित्रण प्रत्यक्षात सुरू झाले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे झाले होते, आणि मिलर यांना म्हातारपणाकडे झुकलेल्या योद्ध्याची कथा सांगायचीच नव्हती. मॅक्स त्याच वयाचा, त्याच जखमांसह भटकत राहायला हवा होता. मधल्या काळात मिलर यांच्या डोळ्यांसमोर हीथ लेजर हा ऑस्ट्रेलियन नट होता, पण जानेवारी २००८ मध्ये त्याचे अकाली निधन झाले. अखेर टॉम हार्डी या इंग्रज अभिनेत्याची निवड २०१० मध्ये जाहीर झाली. पहिल्या ‘मॅड मॅक्स’चे चित्रण सुरू झाले तेव्हा हार्डी जेमतेम दीड महिन्याचे तान्हे बाळ होते, एवढे सांगितले म्हणजे मधल्या काळाची लांबी डोळ्यांपुढे उभी राहते.

आता वॉर्नर ब्रदर्स ही कंपनी पाठीशी होती, फ्युरिओसाच्या भूमिकेसाठी चार्लीझ थेरॉन निश्चित झाल्या होत्या आणि चित्रणस्थळ म्हणून न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रोकन हिल या खाणकामगारांच्या गावाचा परिसर ठरला होता. दुसरा ‘मॅड मॅक्स’ याच लाल मातीवर चित्रित झाला होता. वर्षाकाठी साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडणारा हा प्रदेश म्हणजे जगबुडीनंतरच्या उजाड पृथ्वीचा तयार देखावाच होता. परंतु २०१० आणि २०११ ही वर्षे ‘ला निना’ची ठरली. प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागाचे पाणी नेहमीपेक्षा थंड होते आणि वारे ओलावा पश्चिमेकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दिशेने, लोटतात, त्या स्थितीला हे नाव आहे. आपल्याकडे ला निना म्हटले की चांगल्या मान्सूनची आशा धरली जाते, आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या पोटातही त्याने तेच केले. जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडलेले बी रुजले, लाल मातीवर रानफुलांचा गालिचा पसरला, कोरड्या खाऱ्या सरोवरांत पाणी साचले आणि त्यावर पेलिकन पक्षी उतरले. जिथे पाण्याच्या एका घोटासाठी माणसे माणसांना मारतात अशी कथा सांगायची, तिथे कॅमेरा जिकडे फिरवावा तिकडे हिरवळ दिसू लागली. शेतकऱ्यांना हा पाऊस देवासारखा वाटला असेल. चित्रपटाचे मात्र आणखी एक वर्ष त्यात वाहून गेले. जमीन पुन्हा सुकेल या आशेवर मंडळींनी वाट पाहिली, ती सुकली नाही, आणि अखेर गाड्यांचा ताफा जहाजावर चढवून नऊ वर्षांपूर्वी हुकलेल्या नामिबियालाच नेण्यात आला.

तेथील वाळवंटात जुलै २०१२ मध्ये चित्रण सुरू झाले. रखडण्याचा एक लाभ इथे दिसतो आणि तो निखळ तांत्रिक आहे. लहान, काटक डिजिटल कॅमेरे आता उपलब्ध होते, आणि साहसदृश्य करणाऱ्या माणसाला बांधलेली सुरक्षा-दोरी नंतर संगणकावर पुसून टाकणे सोपे झाले होते. त्यामुळे मिलर यांना अपघात खोटे रंगवण्याऐवजी गाड्या खरोखर उलथवता आल्या. धावत्या गाडीवर उभारलेल्या उंच काठ्यांच्या टोकाला बसून झुलत येणारे आणि टँकरवरून माणूस उचलून नेणारे लढवय्ये हे याचे उत्तम उदाहरण आहे. ही दृश्ये संगणकावरच करावी लागतील असे मिलर धरून चालले होते. साहसदृश्यांचे प्रमुख गाय नॉरिस यांनी काठीच्या बुडाशी प्रतिभार, म्हणजे वरच्या माणसाचा तोल सांभाळणारे वजन, बसवून ती चालत्या गाडीवर सुरक्षितपणे झुलू शकते हे दाखवून दिले.

निवृत्तीतून परत आलेले छायालेखक जॉन सील यांना मिलर यांनी सतत एकच गोष्ट बजावली होती, ती म्हणजे महत्त्वाचे जे काही आहे ते चौकटीच्या मधोमध ठेवायचे. दोन तासांच्या या चित्रपटात सुमारे २,७०० तुकडे जोडलेले आहेत, म्हणजे एक दृश्यखंड सरासरी पावणेतीन सेकंदही टिकत नाही. एवढ्या वेगात प्रेक्षकाचा डोळा पडद्याच्या कोपऱ्यांतून नायक शोधत बसला तर पाठलाग कळेनासाच होईल. नजर एका बिंदूवर स्थिर राहिली की पुढच्या तुकड्यातील घडामोड तिथेच उमलते. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना सुमारे ४८० तासांच्या चित्रणातून हा वेग घडवायचा होता. अशा चित्रपटांच्या संकलनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांच्या हातून साचेबद्ध काम झाले नाही.

अडचणी मात्र संपल्या नव्हत्या. खर्च आणि वेळ वाढत चालल्याने कंपनीचे वरिष्ठ अधिकारी नामिबियात येऊन थडकले आणि ठरल्या दिवशी चित्रण आटोपण्याची तंबी देऊन गेले. त्यामुळे डिसेंबर २०१२ मध्ये पथक परतले तेव्हा हुकूमशहाच्या दुर्गातील दृश्ये, म्हणजे कथेचा आरंभ आणि शेवट, चित्रित झालीच नव्हती. ना कुठून निघालेला, ना कुठे पोहोचणारा असा तो पाठलाग होता. ती दृश्ये चित्रित करण्याची परवानगी मिळायला जवळजवळ वर्ष गेले आणि २०१३ च्या अखेरीस सिडनीच्या परिसरात ती पूर्ण झाली.

नायक बदलल्याने चित्रपटाचे काही बिघडले का, या प्रश्नाचे उत्तर खुद्द चित्रपटात आहे. हार्डी यांचा मॅक्स पूर्वार्धाचा बराच काळ चेहऱ्यावर लोखंडी मुसके घालून, दुसऱ्याच्या रक्ताची गरज भागवणारी जिवंत पिशवी म्हणून गाडीच्या नाकाडावर बांधलेला असतो. गिब्सन यांचा ओळखीचा चेहरा आणि तीन चित्रपटांची पुण्याई असती, तर प्रेक्षक त्याच्याच सुटकेची वाट पाहत राहिले असते. नव्या नटामुळे ती ओढ सैलावली आणि फ्युरिओसा कथेच्या मध्यभागी येऊ शकली. लांब पल्ल्याचा नेम धरायचा असतो तेव्हा मॅक्सच्या दोन गोळ्या वाया जातात, तिसरी आणि शेवटची गोळी उरलेली असते, आणि तो काही न बोलता बंदूक तिच्या हाती देऊन स्वतःचा खांदा टेकू म्हणून पुढे करतो. त्या काही सेकंदांत नायकपद एका खांद्यावरून दुसऱ्या हातात जाते. हार्डी यांना चित्रणाच्या काळात दिग्दर्शकाच्या मनातले चित्र उमगत नव्हते आणि त्यावरून खटकेही उडाले. मे २०१५ मध्ये कान महोत्सवात पूर्ण चित्रपट पाहिल्यानंतर त्यांनी पत्रकारांसमोर मिलर यांची माफी मागितली. स्टोरीबोर्ड वाचू न शकणाऱ्या नटाची ती अडचण प्रामाणिक होती, तशीच ती माफीही.

चित्रपटाने जगभरात सुमारे ३८ कोटी अमेरिकन डॉलरचा गल्ला जमवला, त्याला ऑस्करची दहा नामांकने मिळाली आणि त्यांपैकी सहा पुरस्कार पदरात पडले. सिक्सेल यांच्या संकलनाचा त्यांत समावेश होता. पुढचा भाग लगेच येईल ही अपेक्षा पुन्हा फोल ठरली. मिलर यांच्या निर्मितीसंस्थेचा आणि वॉर्नर ब्रदर्सचा बोनसच्या रकमेवरून वाद झाला, तो २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयात गेला, आणि फ्युरिओसाच्या तरुणपणाची कथा, जी मूळ तयारीच्या काळातच लिहून झाली होती, ती २०२४ मध्ये पडद्यावर आली. तोवर थेरॉन यांचे वयही पुढे सरकले होते. संगणकाने त्यांचा चेहरा तरुण करण्याचा विचार मिलर यांनी करून पाहिला, ते तंत्र अजून विश्वासार्ह वाटत नाही म्हणून सोडून दिला, आणि भूमिका अ‍ॅन्या टेलर-जॉय यांच्याकडे गेली.

२०२४ च्या याच चित्रपटात काही क्षणांपुरता मॅक्सही दिसतो. कड्यावर काळी गाडी उभी आहे, तिच्याजवळ तो एकटा उभा राहून खालचे वाळवंट न्याहाळतो आहे, आणि त्याचा चेहरा ओळखू येण्याइतका कॅमेरा जवळ जात नाही. गिब्सन किंवा हार्डी यांपैकी कोणीही तिथे नाही. तो आहे जेकब टोमुरी, ‘फ्युरी रोड’मध्ये हार्डी यांच्या जागी धोक्याची दृश्ये करणारा साहसपटू.