सोन्याचा पाळणा, गोल्फचा झोका!

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा! मग नवीन जालनेकरांना झोक्याचं काय कौतुक? थांबा, गोल्फचा झोका, म्हणजे स्विंग, भल्याभल्यांचा तोल घालवतो. चला, टी-ऑफ!

माहीत आहे का? जालन्याच्या कारखान्यांतून निघते ना, तसली लोखंडी सळई वाकवून चेंबूरच्या वस्तीतली पोरं गोल्फ खेळतात! जवळच १९२७ चा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. हिरवळीवर कॅडीचं काम, गल्लीत प्लास्टिकच्या चेंडूची मॅच. एवढ्याशा बोळात स्लाइस परवडेल?

स्लाइस म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा लाडका आजार. चेंडू निघतो सरळ, जातो उजवीकडे. दुखणं बहुतेकदा स्विंगच्याही आधीचं : ग्रिप! खाली बघा. डाव्या मुठीची दोन-तीन हाडं दिसली तर ओके. एकच दिसतंय? मूठ जरा उजवीकडे फिरवा.

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि चेंडूची भेट किती वेळ टिकते? सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग! त्या क्षणी क्लबचं तोंड जिकडे, चेंडू बहुतांशी तिकडेच सुटतो.

६ फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ चा अ‍ॅलन शेपर्ड चक्क चंद्रावर गोल्फ खेळला, तोही एका हाताने! ह्यूस्टनहून लगेच टोमणा आला, स्लाइस झालेला दिसतोय. पण माहीत आहे का? चंद्रावर स्लाइस होऊच शकत नाही! फिरता चेंडू वळतो तो हवेमुळे, आणि तिथे हवाच नाही. उपाय रामबाण, फक्त भाडं जरा जास्त.

चेंडूच्या टाळक्यावर टप्पल बसली आणि तो सरपटत गेला? मित्र ओरडणार, ‘मान वर केलीस!’ बिचारी मान! खरा गुन्हेगार बऱ्याचदा चेंडू उचलायचा मोह असतो. उचलायला क्लबचं तिरकं तोंड आहे की! तुम्ही आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचा क्लब, बिनधास्त खाली मारा.

चेंडूआधी जमीनच नांगरली? वजन मागच्या पायावर अडकलंय. शॉट संपताना पुढच्या पायावर उभे दिसलात, की पेरणी बंद!

चेंडू क्लबच्या मानेला लागून भलतीकडे सटकला, की झाला शँक. कित्येक गोल्फर हे नावही तोंडातून काढत नाहीत, रात्री सापाला ‘जनावर’ म्हणावं तसं. उतारा? चेंडूच्या थोडं पलीकडे क्लबची टोपी, म्हणजे हेडकव्हर, ठेवा आणि त्याला धक्का न लावता मारा.

आता बोनस! गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग बघून कोचला घाम फुटेल. हात कुठून कुठे जातात, देव जाणे! पण २०१६ मध्ये त्याने एक राउंड ५८ फटक्यांत संपवला. पीजीए टूरवर एवढा कमी स्कोअर कुणाचाच नाही.

आणि पापवा सेवगोलम? भारतीय वंशाचा हा दक्षिण आफ्रिकी पठ्ठ्या हात चक्क उलटे धरायचा, डावा खाली, उजवा वर. तरी १९५९ ची डच ओपन खिशात!

तेव्हा आरशासमोर पोझ देणं सोडा. झोका वेडावाकडा खपतो, तो दोन हजारावा भाग तेवढा सरळ ठेवा!